अवजड परवान्याचा खानदेश दौरा

अवजड मोटार हाकण्याचा अधिकार सरकार देते, परंतु हाकावयाची मोटार शेटजी देतात, हा भेद १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कोठेही नमूद नसल्यामुळे, माझ्या भाच्याने जळगावच्या परिवहन कार्यालयातून परवाना आणला त्या दिवशी आमच्या घरी पेढे वाटले गेले. त्या परवान्यामागे तपश्चर्याही थोडी नव्हती. वयाची २० वर्षे, हलक्या वाहनाच्या परवान्याला उलटलेले एक वर्ष, शिकाऊ परवाना, वैद्यकीय दाखला आणि प्रत्यक्ष सुकाणूवर १५ तास घालवल्याचे मोटार शिक्षणशाळेचे प्रमाणपत्र, एवढे सोपस्कार पुरे झाले होते. पूर्वी यात इयत्ता आठवी उत्तीर्ण असण्याचीही अट होती; २०१९ साली सरकारने ती रद्द केली आणि बी. ए. झालेल्या माझ्या भाच्याला आपल्या विद्येचा जो एकमेव उपयोग होण्याचा संभव होता, तोही मावळला.

माझी हयात कचेरीत कारकुनी करण्यात गेली असल्याने, दाखला जवळ असला की काम होते, अशी माझी श्रद्धा. म्हणून नोकरीच्या या मोहिमेचे नेतृत्व मी आपखुशीने पत्करले. "मामा, तुम्ही कशाला त्रास घेता?" असे भाचा वारंवार म्हणाला, त्याचा तो विनय असावा, असे मी समजलो.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळीच्या गिरण्या आहेत, प्लास्टिकच्या चटया आणि पाइप यांचे कारखाने आहेत, आणि यांपैकी एकही वस्तू स्वतःच्या पायांनी गावाबाहेर जात नसल्यामुळे ट्रान्सपोर्टवाल्यांच्या पेढ्याही विपुल आहेत. पहिल्याच पेढीत मुनीम बिल्ट्या फाडीत होते, हमाल पोत्यांवर पहुडले होते आणि शेटजी उदबत्ती ओवाळीत होते. त्यांनी परवाना दोन्ही बाजूंनी पाहिला आणि पृच्छा केली, "अनुभव किती?" परवाना हाच अनुभवाचा शासकीय पुरावा होय, हे मी त्यांना सविस्तर समजावून दिले. शेटजींनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "काका, परवाना माझ्याजवळही आहे. म्हणून तर मी गाडीला हात लावत नाही." पुढच्या पेढीत पाच वर्षांचा अनुभव मागितला गेला, तो कोठे मिळतो असे विचारता, गाडी चालवून मिळतो, असे निर्विवाद उत्तर आले.

मग रावेर-सावद्याच्या केळीवाल्यांकडे वळलो. खानदेशचे केळे झाडावरून हिरवे उतरते आणि उत्तरेकडच्या बाजारात पोहोचेपर्यंत त्याने हिरवे राहावे, अशी व्यापाऱ्याची अपेक्षा असते. साहजिकच या मालाला वाट चुकणारा, चढावर बंद पडणारा किंवा सावलीत वामकुक्षी करणारा चालक परवडत नाही. आमचा अर्ज ऐकून एका व्यापाऱ्याने एकाच वाक्यात निकाल दिला: "हा शिकेल तोवर शिकरण होईल."

जळगावाने असा निरोप दिल्यावर आम्ही एस. टी. ने धुळ्याकडे प्रस्थान ठेवले. बांभोरीजवळ गिरणा ओलांडली, पाळधी मागे पडले आणि एरंडोल आले. एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रनगरी, अशी स्थानिक आख्यायिका असून तेथील पांडववाडा प्रसिद्ध आहे. भाच्याला धीर यावा म्हणून मी त्याला सांगितले, की याच गावातून भीमसेन बकासुरासाठी अन्नाचा गाडा घेऊन निघाला. अवजड मालवाहतुकीची एवढी जोखमीची खेप, पण त्याला कोणी अनुभव विचारला नाही. भाचा म्हणाला, "मामा, भीमाने माल पोचता केला नाही. वाटेतच खाल्ला." यानंतर पारोळ्याचा किल्ला येईपर्यंत आमच्यात संभाषण झाले नाही.

धुळे हे शहर कॅप्टन ब्रिग्ज याने १८१९ च्या सुमारास आखले, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सरळ रस्त्यांची पेठ होती. पुढे आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता यांची गाठ येथेच पडली, आणि जुने ३ व ६ हे क्रमांक जाऊन आता ५२, ५३ व ६० हे महामार्ग या शहरी भेटतात. परिणामी धुळ्यात उभ्या असलेल्या उमेदवाराला मुंबई, आग्रा, सुरत, नागपूर आणि सोलापूर अशा पाच दिशांनी नकार मिळू शकतो. आम्हाला तो दुपारपर्यंत मिळाला.

शेवटी महामार्गावरच्या एका ढाब्यावर, शेवभाजीच्या तिखटाने डोळ्यांत पाणी आलेले असताना, शेजारच्या बाजेवरच्या एका वृद्ध उस्तादाने विचारले, "काय भाऊ, कथा जाई राहिनात?" मी सर्व हकीकत निवेदन केली आणि ओघात कामगार कायद्यान्वये चालकास दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक राबवता येत नाही, हेही निदर्शनास आणले. उस्ताद म्हणाले, "दादा, तो कायदा पळासनेरच्या पुढे घाट चढत नही." मग त्यांनी परवान्याकडे ढुंकूनही न पाहता भाच्याला आपल्या दहाचाकीकडे नेले. "याले दोर बांधता येस का?"

परीक्षा सुरू झाली. हातात टॉमी देऊन एकेक टायर ठोकावयास लावले. कोणत्या चाकात हवा कमी आहे हे आवाजावरून सांगावयाचे होते. मग ताडपत्री पसरणे, दोर आवळणे, आणि अखेरीस क्लीनरच्या "येऊ दे, येऊ दे" या घोषात गाडी उलटी घेऊन गोदामाच्या फळीला लावणे. टायर ओळखण्यात चिरंजीव सपशेल नापास झाले, ताडपत्रीत काठावर तरले. गाडी मात्र सरळ मागे आली. उस्तादांनी त्याला तेथल्या तेथे रुजू करून घेतले: क्लीनर म्हणून, भत्ता आणि खुराकीवर, परतीच्या रिकाम्या खेपेत सुकाणू त्याच्या हाती, या कराराने. परवानाधारक मनुष्याने क्लीनर व्हावे याला मी तात्त्विक हरकत घेतली. उस्ताद म्हणाले, "मी बी असाच बठनू." भाचा तोवर डाव्या जागेवर चढून बसलाही होता.

मालक म्हणतात, चालक मिळत नाहीत. चालक म्हणतात, गाडी मिळत नाही. आणि दोघेही खरे बोलतात. नियमाने सुकाणूवरचे १५ तास शिकवले जातात. उरलेला अभ्यासक्रम पिढ्यान्‌पिढ्या क्लीनरच्या जागेवर पुरा होत आला, आणि एका माणसाचा खर्च वाचावा म्हणून हल्ली पुष्कळ मालकांनी ती जागाच रिकामी ठेवली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या केबिनीत थंड हवा सक्तीची झाली, हे योग्यच झाले. आता मालकांनी त्या थंड हवेत डाव्या बाजूला एक नवशिका बसवावा. पाच वर्षांच्या अनुभवाचा चालक त्यांना पाच वर्षांनी खात्रीने मिळेल.