बारमाही ओहोटी

माझे साडू कुलाब्याला राहतात. रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला ते मोबाइलवर समुद्राचा फोटो टाकतात, खाली ठरलेला मजकूर: ‘रमतगमत निघालो.’ नेमकी तीच वेळ आमच्या गल्लीत ‘उद्या नळ येणार का’ या विषयावर चर्चासत्र भरण्याची असते. त्यामुळे फोटोतलं पाणी पाहून आमच्या घरात दोन प्रतिक्रिया उमटतात. बायको म्हणते, “किती छान!” मी म्हणतो, “खारट आहे ते.”

हे साडू गेल्या महिन्यात जालन्याला आले. चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांनी प्राँग्ज दीपगृहाची कथा काढली. कुलाब्याच्या टोकाला, १८७५ सालचं. परवानगी असली आणि ओहोटीची वेळ साधली, की खडकांवरून थेट चालत जाता येतं म्हणे. भरतीच्या आत परतायचं, नाहीतर अडकलात. “तुमच्याकडे काय हो साडूभाऊ फिरायला?”

प्रश्न झोंबला. म्हटलं, ओहोटीचं आम्हाला सांगू नका, आमच्याकडे ती बारमाही असते. राहिलं बंदर. तर तेही आहे. उठा, दाखवतो.

आता परगावच्या वाचकाला वाटेल, माणूस उन्हाने चळला. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचावर. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर तशी उंची लिहिण्याची पद्धत आहे आणि समुद्राचा गावाशी तेवढाच काय तो लेखी संबंध. पण २०१५ च्या डिसेंबरात इथे चक्क बंदराचं भूमिपूजन झालं. न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदराचं हे धाकटं भावंड, ‘ड्राय पोर्ट’. मराठीत कोरडं बंदर. योजना आखणाऱ्याने गाव अचूक निवडलं, एवढं मान्य करावंच लागेल. कोरडेपणात आमचा हात धरणारा तालुका शोधून सापडायचा नाही.

कल्पना मात्र अजिबात खुळी नाही. माल इथेच कंटेनरमध्ये भरायचा, कस्टम्सची तपासणी इथेच उरकायची, सील ठोकायचं आणि डबा रेल्वेने थेट न्हावाशेवाला. तिकडे पुन्हा उघडझाप नाही, क्रेनने उचलून जहाजावर. जालन्यातून पाठवायला मालही आहे: सळई, बियाणं, कापूस, मोसंबी. आणि इथल्या भट्ट्यांना भंगार लागतं, ते उलट्या वाटेने यायचं. सगळं बरोबर. फक्त मध्येच या बंदराचा ‘मल्टिमोडल लॉजिस्टिक पार्क’ झाला. मूल रांगायला लागायच्या आत दुसरं बारसं. मूळ बंदराच्या नावातही ‘ट्रस्ट’ जाऊन ‘प्राधिकरण’ आलं, त्यामुळे घुगऱ्या दोन्हीकडे वाटून झाल्या.

तर आम्ही स्कूटरवरून दिनेगाव स्टेशनच्या बाजूला गेलो, स्कूटर लिंबाखाली लावली आणि साडूंच्या शब्दांत सांगायचं तर रमतगमत निघालो. रस्ता रुंद. डाव्या हाताला कपाशीच्या पऱ्हाट्या, उजव्या हाताला तारेचं कुंपण, कुंपणाला अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या वाऱ्याने फुगलेल्या. साडू म्हणाले, “शिडं दिसताहेत.” माणूस कुजकट, पण नजर चांगली. वारा समुद्रावरच्यासारखाच होता. फक्त ओठांवर मीठ बसण्याऐवजी दातांखाली माती येत होती.

पुढे शेळ्या चारणारे एक बाबा भेटले.

“कामून फिरायले इकडं?”

“बंदर बघायला आलो, बाबा.”

“बंदर?” बाबांनी जरा विचार केला. “ते सकाळच्याला येत असतेत. पंधरावीस हायेत. समदा हरभरा खाऊन टाकला की त्यायनं.”

निजामाच्या मुलखातल्या माणसाशी बोलताना हिंदी शब्दाचं भान ठेवायला हवं होतं. साडू पुढची पाच मिनिटं रस्त्याच्या कडेला बसून हसत होते. मी त्यांना हसू दिलं, कारण हुकमाचा पत्ता माझ्याकडे होता.

म्हटलं, तुमचं प्राँग्ज १८७५ चं ना? आता भोकरदनचं ऐका. याच जिल्ह्यातला तालुका, जुनं नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळातली भरभराटीची पेठ. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केलं, त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. डोकं नाही, वरचा भाग तुटलेला. पण तिची बहीण आधीच सापडलेली होती. कुठे? इटलीत, पॉम्पेईच्या राखेत, १९३८ मध्ये. वीतभर उंचीची, अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दासी. तेव्हा तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता बरेच जण यक्षी म्हणतात. मुक्काम नेपल्सच्या संग्रहालयात. दोघींची घडण इतकी मिळतीजुळती की पॉम्पेईवाली भोकरदनच्याच कारागिराच्या हातची असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलं. म्हणजे बाई त्याआधी पोचलेली होती. भोकरदनहून बैलगाडीने घाट उतरून सोपारा किंवा कल्याण, नाहीतर भडोच, तिथून गलबत, तांबडा समुद्र, मिसरचा वाळवंटी पट्टा, पुन्हा जहाज आणि मग रोमन शेटजीचं घर. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून भडोचला कसा जातो, हे ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या ग्रीक खलाशाने नोंदवूनच ठेवलंय, वाट फार वाईट आहे या तक्रारीसकट. वाटेच्या तक्रारीची परंपरासुद्धा आपल्याकडे दोन हजार वर्षांची आहे. सांगायचं एवढंच की माल गेला. कोनशिला नव्हती, नारळ फुटल्याची नोंद नाही, पार्क तर नव्हताच.

साडू गप्प झाले. मग म्हणाले, “ते ठीक आहे. दीपगृहाचं काय?”

ते घराजवळच होतं. परत येईतो अंधारलं आणि आमच्या चौकातला हायमास्ट लागला. उंच लोखंडी खांब, वर दिव्यांचं कडं. आठांपैकी तीन चालू, चौथ्याचं तळ्यात-मळ्यात. साडूंनी माहिती पुरवली, की दीपगृहाचा प्रकाश कुठेही सारखा नसतो. प्रत्येकाची लुकलुकण्याची लय वेगळी ठेवतात, तीवरून नावाडी ओळखतो की आपण कुठल्या गावासमोर आहोत. आमच्याकडे हेच तर तत्त्व आहे. पाच सेकंद उजेड, दोन सेकंद अंधार, म्हणजे आपला चौक. सलग अंधार, म्हणजे पुढचा वॉर्ड. चौकात कुणी बुजलं तर खांबाच्या बुडाशी पाटी आहे, दिवा कुणाच्या निधीतून लागला ते सांगणारी. तिच्यावरचा बल्ब कधी गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मोती तलावाकडून थोडा गार वारा आला. मलिक अंबरच्या काळात जमशेदखानाने हा तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी गावात पाणी खेळवलं, असं सांगतात. खेळवलं. क्रियापद पाहा. आम्ही पाणी ‘सोडतात’ म्हणतो, तेही कुजबुजत, शेजाऱ्याने मोटार लावायच्या आत.

एवढ्यात कोपऱ्यावर भोंगा वाजला. गल्लीतली सगळी दारं एकदम उघडली, ड्रम घरंगळत बाहेर आले, कुणीतरी ओरडलं, “लागला, लागला!”

“काय लागलं?” साडू दचकले.

“टँकर,” मी म्हटलं. “तुमच्याकडे त्यात तेल असतं.”

बायकोने त्यांच्या हातात पाइपचं टोक दिलं आणि ड्रमपाशी उभं केलं. प्रवाहाला जोर होता, पाइप निसटायला पाहत होता, पँट गुडघ्यापर्यंत भिजली. दोन ड्रम आणि एक हौद भरेपर्यंत साडू दोन्ही हातांनी पाइप आवळून उभे होते. त्या दिवशी साडेसहाचा फोटो काही गेला नाही.