घरचंच रक्त

हिरड्यांतून रोज सकाळी बेसिनमध्ये रक्त पडतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. तेच रक्त कोपराच्या खळगीत सुई खुपसून काढलं की औषध होतं, आणि त्याचं बिल येतं.

पायोरिया मुरला की हिरडी दातापासून सुटते आणि आत खोल कप्पे पडतात. डॉक्टरीणबाई बारीक खुणांची सळई आत सारून मदतनीस मुलीला आकडे सांगत होत्या, "चार, पाच, सात." हे मिलिमीटर. तीनपर्यंत ठीक समजायचं. शाळेत मला असे चढते आकडे कधी मिळाले नव्हते.

कप्प्याखालचं हाड झिजलेलं असलं की हिरडी उघडून किटण खरवडतात आणि त्या खड्ड्यात आपल्याच रक्ताचा गोळा बसवतात. फ्रान्समधल्या जोसेफ शुक्रून यांनी ही पद्धत २००१च्या सुमारास आणली. आधीच्या पद्धतीत रक्त गोठू नये म्हणून एक औषध घालत आणि मग ते गोठावं म्हणून दुसरं. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्यांना यात नवल वाटणार नाही. शुक्रूननी दोन्ही औषधं काढून टाकली. नळीत नुसतं रक्त घ्यायचं आणि ते गोठायच्या आत यंत्रात फिरवायचं, मिनिटाला २,७०० फेरे, १२ मिनिटं. तळाशी लाल पेशी बसतात, वर पिवळसर पाणी राहतं आणि मध्ये तयार होतो फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या तंतूंचा गोळा. तो दाबून चपटा केला की चिमट्याने उचलला तरी तुटत नाही. त्यात अडकलेल्या प्लेटलेट्समधून जखम भरायला लावणारे घटक आठवडाभर तरी झिरपत राहतात.

"गहू आपला असला तर गिरणीवाला फक्त दळणाचे पैसे घेतो," मी बिल पाहून म्हणालो.

"काका, दळणाचेच लावलेत," बाई म्हणाल्या. "आणि तंबाखू, मशेरी काही असेल तर आत्ताच सांगा. मग हे रक्तही फारसं कामाला येत नाही."

टाके निघेपर्यंत त्या जागी ब्रश बंद, खायला मऊ भात, आणि चुळा भरायला असं औषध की कशालाच धड चव लागत नाही. एरवी घरच्या चहाला नावं ठेवायची माझी छाती नाही. तेवढे दिवस डॉक्टरांच्या नावावर ठेवून घेतली.