पॉट : निवड आणि निगा

आईस्क्रीमचा पॉट म्हणजे बाहेर लाकडी बादली, तिच्यात धातूचा उभा डबा, डब्यात पंखा आणि वर आडव्या पट्टीवर बसवलेली दातेरी चाके व दांडा. हाताने फिरवायच्या अशा यंत्राचे पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ मध्ये घेतले. मूळ रचना आजही तीच आहे. दांडा फिरवायला नकार देणाऱ्यांच्या सबबी मात्र त्यानंतर बऱ्याच सुधारल्या.

निवडीत पहिला प्रश्न आकाराचा. चार माणसांच्या घराला दोन-तीन लिटरचा पॉट पुरतो. तरी घेतला जातो तो आठ लिटरचा, कारण दुकानात उभे असताना ग्राहकाला घरातली माणसे दिसत नाहीत, अंगणातली पंगत दिसते. प्रस्तुत लेखकाचा पॉट याच हिशोबाने आलेला आहे. अंगण नाही, दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी आहे, आणि पॉट मांडला की फिरवणाऱ्याचा एक पाय दिवाणखान्यात राहतो. मोठ्या पॉटाला बर्फ जास्त, मीठ जास्त, आणि डबा निम्मा तरी भरल्याशिवाय पंख्याला धड काम मिळत नाही. त्यामुळे आईस्क्रीम खायची इच्छा झाली की आधी पाहुणे जमवावे लागतात.

बादली सागवानी असावी. लाकडातून बाहेरची उष्णता आत सावकाश शिरते, म्हणून बर्फ टिकतो. प्लास्टिकची बादली हलकी असते, स्वस्त असते, गळत नाही, आणि ती चारचौघांत बाहेर काढवत नाही. डबा स्टीलचा उत्तम. अ‍ॅल्युमिनियम मिठाच्या पाण्याने काळवंडते, पुढे त्याला बारीक खड्डे पडतात. जुना पितळी डबा दिसायला राजस. पण त्याला कल्हई लागते आणि कल्हईवाला शोधेपर्यंत आंब्याचा हंगाम संपतो. पंख्याची पाती डब्याच्या भिंतीला घासली पाहिजेत, हे दुकानातच रिकामा डबा फिरवून पाहावे. भिंतीवर गोठलेला थर पाती खरवडून आत ढकलतात. फट राहिली तर कडेला दगड आणि मध्ये दूध अशी वाटणी होते. बादलीला वरच्या अंगाला एक भोक असते. ते डब्याच्या झाकणापेक्षा खाली हवे, म्हणजे वाढलेले खारे पाणी तिथून वाहून जाते. हे भोक बर्फाच्या तुकड्याने बुजले की पाणी डब्यात शिरते. असे खारे सीताफळ आईस्क्रीम खाताना पाहुणे काही बोलत नाहीत, फक्त पाणी मागतात.

मोटारीचे पॉटही मिळतात. त्यांच्याविषयी एवढेच.

थंडी येते ती बर्फापासून, पण तिला खाली ओढते मीठ. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता घेतो. नुसता बर्फ शून्य अंशालाच वितळत राहील आणि साखर घातलेले दूध शून्याला गोठत नाही. मिठामुळे बर्फ शून्याखाली वितळतो. या मिश्रणाची मजल उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकते. चार-पाच भाग बर्फाला एक भाग जाडे मीठ घ्यावे. बारीक मीठ झटकन विरघळून तळाशी जाते.

इथे बर्फाचा इतिहास सांगणे आवश्यक आहे. फ्रेडरिक ट्यूडर नावाचा बोस्टनचा व्यापारी न्यू इंग्लंडच्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेला बर्फ कापून जहाजाने उष्ण देशांत विकत असे. १८३३ मध्ये त्याने सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त, आणि तरी सुमारे १०० टन बर्फ शाबूत उतरला. लाकडाचा भुसा आणि दुहेरी भिंती, बस्स. पुढच्याच वर्षी मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आईस्क्रीम वाढले, आणि यजमानासह पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली, असे सांगतात. म्हणजे आईस्क्रीम मुंबईत आले आणि त्याच्या मागोमाग ‘तरी सांगत होते’ हे वाक्यही आले. अमेरिकेच्या तळ्यातला बर्फ फोर्टात पोचत होता आणि आज कोपऱ्यावरच्या कारखान्यातली लादी रिक्षातून आणेपर्यंत निम्मी होते, याचे कारण रिक्षात भुसा नसतो. ही हकीकत प्रस्तुत लेखक दर खेपेला विस्ताराने सांगतो. ती साधारण वीस मिनिटे चालते. दांडा फिरवायलाही तेवढाच वेळ लागतो, आणि सांगणाऱ्याच्या हातात दांडा देणे शिष्टाचाराला धरून नसते.

फिरवण्याची रीत अशी. आटवलेले दूध आधी फ्रीजमध्ये गार करावे. डबा दोन-तृतीयांशच भरावा, कारण घुसळताना हवा मिसळून मिश्रण फुगते. सुरुवातीला सावकाश, मग वेगाने फिरवावे. दांडा जड झाला की थांबावे. पंखा काढून, झाकणाचे भोक बुचाने बंद करून, नवा बर्फ-मीठ भरून गोणपाटाखाली तासभर मुरू द्यावे. पंखा चाटायचा मान फिरवणाऱ्याचा, हे सर्वमान्य आहे. दूध कोणी आटवले, हा प्रश्न या वेळी निघत नाही. दोन तास गॅसपाशी उभे राहून, बुडाला लागू नये म्हणून सतत ढवळत, एका बाईने ते काम सकाळीच उरकलेले असते. वाट्या भरताना ती बाकीच्यांना वाढते, पुन्हा वाढते, आणि तिच्या वाटीत येते ते पातळ झालेले. ‘मला असंच आवडतं,’ असे ती म्हणते. प्रस्तुत लेखकाची आई हे वर्षानुवर्षे म्हणत आली आणि घरात सर्वांनी ते सोयीने खरे मानले. फिरवणाऱ्याच्या दंडाचे कौतुक मात्र फोटोसकट होत राहिले.

निगा. वापरण्याआधी काही तास बादली पाण्याने भरून ठेवावी. लाकूड फुगते आणि फळ्यांमधल्या फटी मिटतात. पहिल्या तासात ती चाळणीसारखी गळते, तेव्हा दुकानदाराला फोन करू नये. वापरानंतर त्याच दिवशी सगळे गोड्या पाण्याने धुवावे. मीठ राहिले की लोखंडी पट्ट्या आणि चाके गंजतात. चाकांना खाण्याचे तेल लावावे, यंत्राचे नव्हे, कारण थेंब खाली पडतो तो झाकणावर. बादली सावलीत वाळवावी. उन्हात फळ्या तडकतात. माळ्यावर ठेवताना ती उघडी, डब्याशिवाय ठेवावी.

पॉट उसना देऊ नये असे म्हणता येत नाही, कारण आपल्याकडे आठ लिटरचा आहे हे इमारतीत आपणच सांगितलेले असते. परत आल्यावर डब्याच्या तळाची खीळ पाहावी. ती झिजली की डबा फिरताना डुगडुगतो आणि पाती भिंत सोडतात. खीळ लेथवाला करून देतो. पाती सुताराकडून करून घ्यावीत, पण लाकडाला पॉलिश करू देऊ नये. तो सवयीने करतोच, म्हणून समोर उभे राहावे.