अर्धी बादली

डिसेंबरातल्या एका सकाळी आमच्या गीझरने मान टाकली आणि मी कमरेला टॉवेल, हातात बादली अशा थाटात समोरच्या काकांचं दार वाजवलं. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत असं धाडस नवा भाडेकरूच करतो.

काकूंनी मुकाट्याने अर्धी बादली वाफाळतं पाणी आणून दिलं. मी वळणार, तेवढ्यात काका प्रकटले. खिशातला थर्मामीटर बादलीत बुडवून ‘४८’ असं पुटपुटले आणि म्हणाले, “साठवणीचा की इन्स्टंट?”

“साठवणीचा. १५ लिटर.”

“२ किलोवॅट असणार. २० अंशांचं पाणी ६० वर न्यायला २१ मिनिटं, पाऊण युनिटसुद्धा नाही. तू किती वेळ लावतोस?”

“चालूच असतो.”

काकांनी खुर्ची ओढली. स्वतःसाठी.

काका निवृत्त आहेत. कशातून, ते कुणालाच ठाऊक नाही; गप्पा तिथवर पोचण्याआधीच पाण्यात उतरतात. “कॉइलवर क्षार चढला असेल. टँकरचं पाणी ना? मॅग्नेशियमचा रॉड कधी बदललास?” टाकी गंजू नये म्हणून गीझरच्या पोटात असा एक रॉड आयुष्यभर स्वतः झिजत असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

“असतं एकेकाचं नशीब,” काकू आतून म्हणाल्या.

गॅस गीझरचं नाव निघालं तेव्हा मात्र काकांचा आवाज खाली आला. “मिनिटाला ६ लिटर देतो, कबूल. पण बंद बाथरूममध्ये कधी लावायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. कळायच्या आत माणूस जातो.” क्षणभर कुणीच बोललं नाही. मला वाटलं, सुटलो.

“सोलर बघ!” काका उभे राहिले. “पंप नाही, वीज नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, गार पाणी जड होऊन खाली उतरतं.” चढणारं पाणी उजव्या हाताने आणि उतरणारं डाव्या हाताने दाखवताना ते थोडे कथकली करणाऱ्यासारखे दिसत होते.

“पण सोलरच्या पहिल्या दोन बादल्या गारच येतात,” मी म्हणालो. एका हाताने टॉवेल धरून याहून जास्त विरोध करता येत नाही.

“तो पाइपात रात्रभर निवलेल्या पाण्याचा दोष. सोलरचा नव्हे.”

मग काका सदाशिव पेठेतल्या वाड्यात शिरले. तिथे तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. करवंट्या, गोवऱ्या, चिंध्या, काहीही चालायचं त्याला. “वरून तांब्याभर गार ओत, तोटीतून तांब्याभर कढत घे. गार घातल्याशिवाय कढत नाही! बंब कुणालाच उधार देत नसे.” काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराने असेल, साठ वर्षांपूर्वीच्या.

आता माझे दात वाजू लागले होते. ते ऐकून काका भानावर आले, वाकले आणि थर्मामीटर पुन्हा बादलीत बुडवला.

“३७,” त्यांचा चेहरा उजळला. “बघितलंस? झाकण ठेवायचं असतं रे.”