गवार मोडता मोडता

चित्रपट परीक्षण लिहिणारी मंडळी अंधारात बसून, शेजारच्याशी न बोलता चित्रपट बघतात. त्यांचं मत मी आदराने वाचतो. पण तोच चित्रपट डीव्हीडीवरून घरी आला की त्याची खरी तोंडी परीक्षा सुरू होते. घरात दिवे चालू असतात, कुकरच्या शिट्ट्या होतात, इस्त्रीवाला बेल वाजवतो आणि परीक्षक मंडळातला एकही सभासद पहिल्यापासून शेवटपर्यंत जागेवर बसत नाही. थिएटरात तिकिटाचे पैसे गेलेले असतात, म्हणून माणूस कंटाळला तरी बसून राहतो. घरी उठून जायला निमित्तसुद्धा लागत नाही.

‘द इन्क्रेडिबल्स’ची ही परीक्षा आमच्याकडे नाशिकला, इंदिरानगरात झाली. ब्रॅड बर्डने लिहून दिग्दर्शित केलेला हा पिक्सारचा सहावा चित्रपट. 2004च्या नोव्हेंबरात तो अमेरिकेत लागला. आपल्याकडे तो ‘हम हैं लाजवाब’ या नावाने हिंदीतही आला होता, आणि त्यात बापाचा आवाज शाहरुख खानचा, तर पळणाऱ्या पोराचा आवाज त्याच्या मुलाचा, आर्यनचा होता. पुढे 15 मार्च 2005 ला अमेरिकेत त्याची दोन तबकड्यांची डीव्हीडी निघाली. मे महिन्यात न्यू जर्सीचा भाचा सुट्टीला आला, तेव्हा सुक्या मेव्याच्या पाकिटांबरोबर त्याने तीही बॅगेतून काढली.

पण लागते कशी? डीव्हीडीवाल्यांनी जगाचे विभाग पाडले होते. अमेरिका विभाग एकमध्ये आणि आपण पाचमध्ये. एकची तबकडी पाचच्या प्लेअरमध्ये घातली की तो नम्रपणे नकार देतो. भाचा हिरमुसला. शेवटी मेनरोडवरच्या एका दुकानदाराने रिमोटची चारपाच बटणं ओळीने दाबली आणि आमचा स्वस्तातला चिनी प्लेअर विश्वनागरिक झाला. व्हिसाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही हे दृश्य दाखवायला हवं होतं.

त्यानंतर भारनियमनाचं वेळापत्रक बघून मुहूर्त काढला. चित्रपट 115 मिनिटांचा, म्हणजे वीज आल्यापासून पुन्हा जाईपर्यंत बसवता येण्याजोगा.

पहिला आक्षेप वडिलांनी नोंदवला. चित्र रुंद, आमचा टीव्ही चौकोनी, त्यामुळे पडद्यावर खालीवर काळ्या पट्ट्या. “टीव्हीचे पैसे पूर्ण घेतले ना त्यांनी? मग चित्र अर्धं का?” हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. या चित्रपटाची रुंदी उंचीच्या 2.39 पट आहे. जुन्या टीव्हीची जेमतेम 1.33 पट. अख्खी रुंदी मावायची तर पडद्याची उंची अर्ध्याहून थोडीच जास्त वापरली जाते. अमेरिकेत याच चित्रपटाची पडदाभर चित्र देणारी वेगळी आवृत्तीही विकत होते, म्हणजे आमच्या वडिलांसारखे वडील तिकडेही असणार. मला मात्र पट्ट्यांची बाजू घ्यावीशी वाटते. पाच माणसांचं कुटुंब एका चौकटीत दाखवायचं तर रुंदी लागतेच. त्यातली मोठी मुलगी व्हायलेट केसांच्या पडद्याआड तोंड लपवून कायम कोपऱ्यात उभी असते. चित्राच्या कडा छाटल्या की पहिला बळी तिचाच. आधीच तिला अदृश्य होता येतं. तिला आणखी मदत करायची गरज नाही.

घरी बघण्यासाठी हा चित्रपट इतका चपखल का, याचं उत्तर त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मिळतं. पोरगा शाळेत मास्तरांच्या खुर्चीवर टाचणी ठेवून आलाय, आई ते सांगतेय, बाप ऐकल्यासारखं करतोय, बहीणभावाची टेबलाखालून जुंपते. आईचे हात रबरासारखे लांबून दोघांना धरून ठेवतात आणि बाप शेवटी सगळ्यांसकट टेबलच उचलतो. तेवढ्यात दारावर बेल वाजते आणि क्षणात सगळे सभ्य होऊन जेवायला लागतात. अचाट शक्तीचा भाग वगळला तर हा प्रसंग कुठल्याही सोसायटीत कुठल्याही मजल्यावर रोज घडतो. आमच्याकडे तो चालू असतानाच बेल वाजली. इस्त्रीवाला होता. सगळे कमालीच्या सभ्यपणे बसलो.

आता आमच्या परीक्षकांविषयी. आमचे एक काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. नायक बॉब पार एकेकाळचा महावीर. सरकारने महावीरांवर बंदी घातल्यामुळे तो एका विमा कंपनीत टेबलाआड कोंबून बसवलाय. एक म्हातारी दावा नाकारल्याची तक्रार घेऊन येते. तो मोठ्याने सांगतो, मी तुमच्यासाठी काही करू शकत नाही; आणि हळूच, कुठल्या मजल्यावर कुणाला गाठायचं, कुठला फॉर्म कुठल्या विभागात भरायचा, सगळं सांगतो. वर सुचवतो, जाताना जरा नाराज झाल्यासारखं दाखवा. म्हातारी झकास रडत बाहेर पडते. काकांनी रिमोट मागितला आणि तो प्रसंग पुन्हा लावला. मग पुन्हा. “बाकी त्या मारामाऱ्या असू देत. याला म्हणतात पराक्रम. फॉर्मचा नंबर पाठ होता त्याला!” पुढे बॉब एका अजस्र यंत्रमानवाशी झुंजतो, तेव्हा काका सुपारी कातरत होते.

बायकोचं मत दुसऱ्या तबकडीवर ठरलं. तिथे चित्रपटातून वगळलेले प्रसंग आहेत, आणि त्यात एक वेगळीच सुरुवात आहे. नव्या वस्तीतल्या मेजवानीत बॉबच्या बायकोला, हेलनला, एक बाई विचारते, तुम्ही काय करता? हेलन सांगते, घर सांभाळते. त्या बाईच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघून हेलन तिला असं सुनावते की भाजत ठेवलेलं मांस तसंच राहावं. हा प्रसंग पूर्ण रंगवलेलाही नाही, कच्च्या रेखाचित्रांची नुसती मालिका आहे. ही बघता बघता पुढे सरकून बसली. “हे का कापलं?” तिचा सवाल. लांबीसाठी, कथेच्या सोयीसाठी, अशी उत्तरं मी दिली. “म्हणजे घरकामासारखंच झालं,” ती म्हणाली, “केलेलं असतं, पण दाखवायचं नसतं.” त्याच चित्रपटात फ्रोझोन नावाचा वीर शहरावर संकट आलेलं असताना घरभर आपला पोशाख शोधतो. त्याची बायको पडद्यावर दिसतही नाही, नुसता तिचा आवाज येतो: दोन महिन्यांपासून ठरवलेल्या जेवणाचं काय? या प्रसंगाला आमची ही एकटीच हसली आणि माझ्याकडे बघून हसली. माझा चष्मा तेव्हा तिच्याच शोधकार्यामुळे सापडलेला होता.

पण अध्यक्षस्थानी आई होती. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि अमेरिकेच्या त्या तबकडीवर हिंदी नव्हतं. शाहरुखने इतके कष्ट घेतले ते आमच्या हॉलपर्यंत पोचलेच नाहीत. आई ताटात गवार घेऊन बसली. गवार मोडता मोडता वर बघायची, पुन्हा ताटात. मी अधूनमधून अर्थ सांगायला गेलो तर म्हणाली, “कळतंय मला. तू मधे बोलू नकोस.” आणि तिला खरोखर कळत होतं. बॉबचं सुटलेलं पोट, पट्टा ओढताना रोखलेला श्वास, नोकरी गेल्याचं बायकोपासून लपवताना जास्तच आनंदी झालेली चाल. एडना मोड नावाची बुटकी, चष्मिष्ट शिवणकर्मी जेव्हा पाठीवरच्या लोंबत्या झग्यावरून बॉबला फैलावर घेते, तेव्हा आईने गवार खाली ठेवली. झगा विमानाच्या पंख्यात अडकून, लिफ्टमध्ये सापडून कोण कोण वीर मेले, याची यादीच एडनाकडे तयार असते. आई म्हणाली, “पदर खोचल्याशिवाय कामाला लागू नये, हे आम्ही कधीपासून सांगतोय.” एडनाचा आवाज खुद्द दिग्दर्शक ब्रॅड बर्डचा आहे हे मी तिला नंतर सांगितलं. तिला पटलं नाही. अशी बाई पुरुषाला सुचणं शक्य नाही, असं तिचं मत शेवटपर्यंत होतं.

भाषा न कळता चित्रपट कळणं, ही नाशिककरांना खरं म्हणजे नवलाईची गोष्ट वाटू नये. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ नंतर आपलं बिऱ्हाड आणि कारखाना याच गावात हलवला आणि मूकपट काढले. तेही घरच्या माणसांना घेऊन. विम्याची पॉलिसी गहाण टाकून आणलेलं भांडवल (आमच्या काकांना हे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न व्याजदराचा विचारला), पत्नी सरस्वतीबाई स्वयंपाकापासून फिल्मला भोकं पाडण्यापर्यंत सगळ्यात, मुलगा भालचंद्र पहिल्याच चित्रपटात रोहिदास, आणि 1919च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी चक्क बाळकृष्ण. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला ती पोर नुसता चेहरा घेऊन कॅमेऱ्यासमोर बसते आणि एकामागून एक भाव दाखवते. मग तीच कृष्ण होते. हा छोटा भाग मी मुलाला दाखवला तेव्हा तो म्हणाला, “हे तर एक्स्ट्रा फीचर आहे.” अगदी बरोबर. फाळक्यांनी आगकाड्या हलवून हलवून त्यांचा सचेतपट केला होता, आणि 1917 मध्ये चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा एक लघुपटच काढला होता. म्हणजे दुसऱ्या तबकडीचा माल आपल्याकडे पहिल्या तबकडीच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधी तयार होता. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. आपण तिथे पाहुण्यांना कारंजी दाखवायला नेतो.

म्हणूनच मी या डीव्हीडीला गुण देताना दुसऱ्या तबकडीला झुकतं माप देतो. बर्डच्या मंडळींनी आपले कष्ट लपवले नाहीत. पिक्सारने याआधी खेळणी, किडे, राक्षस, मासे केले होते; सगळी पात्रं माणसंच, असा त्यांचा हा पहिला चित्रपट. माणसाची कातडी, कापडाच्या चुण्या, सगळंच नव्याने शिकावं लागलं, आणि सर्वांत छळलं ते व्हायलेटच्या लांब केसांनी. मुलीच्या केसांनी घर वेठीला धरल्याचा अनुभव वेगळ्या प्रकारे आमच्याही घराला आहे. संगणकाने घातलेले गोंधळही त्यांनी वेगळे जमवून दिलेत. पोरांनी ते चित्रपटापेक्षा जास्त वेळा बघितले.

याशिवाय दोन मेजवान्या. एक ‘जॅक-जॅक अटॅक’, बॉबच्या बाळाला सांभाळायला ठेवलेल्या कारी नावाच्या मुलीवर एका रात्री काय गुदरलं याची पाचेक मिनिटांची हकिकत. बाळ मोझार्ट ऐकतं, तरंगतं, डोळ्यांतून किरण सोडतं, पेट घेतं. पेटलेल्या बाळाला ती चिमट्याने उचलून बाथटबमध्ये बुडवते तेव्हा आमच्या शेजारणीने, जी पाळणाघर चालवते, डोळे पुसले. हसून की आठवणीने, विचारलं नाही. दुसरी, जुन्या स्वस्त कार्टूनची नक्कल. चेहरा स्थिर, फक्त ओठ हलतात, आणि तिच्यावर खुद्द बॉब आणि फ्रोझोन यांची टिप्पणी. आपल्याला गोरं करून टाकलंय हे बघून फ्रोझोनचा जो तिळपापड होतो, तो गोऱ्या रंगाच्या मलमांच्या जाहिरातींसोबत आपल्या वाहिन्यांवर दाखवायला हवा होता.

गुण कापायचेच तर एका बाबतीत. तबकडी घातली की आधी चोरून प्रती काढू नका, अशी ताकीद येते आणि ती पुढे सरकवता येत नाही. विकत घेणाऱ्याने दर वेळी चोरीची ताकीद वाचायची, आणि तेव्हा बाजारातून चाळीस रुपयांची नक्कल आणणाऱ्याचा चित्रपट मात्र थेट सुरू!

2018 मध्ये दुसरा भाग आला. पहिला संपतो त्याच क्षणी तो सुरू होतो, म्हणजे त्यांचं बाळ चौदा वर्षांनीही बाळच. आमच्याकडचा परीक्षक, माझा मुलगा, एव्हाना हिंजवडीत नोकरीला लागला होता. हिंदीत हेलनचा आवाज काजोलचा होता, पण तो ऐकायला आई नव्हती. दुसरा भाग आम्ही मोबाइलच्या ॲपवरून टीव्हीवर लावला. चित्र काचेसारखं स्वच्छ, टीव्ही रुंद, काळ्या पट्ट्या आधीपेक्षा बारीक. शेवटची श्रेयनामावली सुरू झाली आणि ज्या माणसांनी वर्षानुवर्षं राबून एकेक केस हलवला त्यांची नावं कोपऱ्यातल्या लहान चौकटीत गेली. पुढे काय बघायचं याची जाहिरात पडदाभर आली.

तेव्हा निकाल असा. चित्रपट पहिल्या वर्गात उत्तीर्ण, दुसरी तबकडी विशेष प्रावीण्यासह. तुमच्या माळ्यावर जुना डीव्हीडी प्लेअर पडला असेल तर दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याला देऊ नका. आमचा बंद पडलाय, तबकड्या दोन्ही शाबूत आहेत. प्लेअर घेऊन या, चहा आमच्याकडे.