मूळ दुकान हेच

आमच्या कोकणातल्या घरी माळ्यावर, जुन्या सतरंजीत गुंडाळलेली एक छर्ऱ्याची बंदूक आहे. आजोबांनी ती माकडांना भिववायला घेतली, असं वडील सांगायचे. माकडं भ्यायल्याची नोंद घरात कुणाकडे नाही. न्हाणीघराच्या पत्र्यावर मात्र बारीक पोचे आहेत, आणि ते आजोबांचेच असं आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली.

गेल्या मे महिन्यात मी ती खाली काढली. नळीच्या मागच्या लोखंडावर हात फिरवला, तर गंजाखाली 'आय.एच.पी.' आणि '35' लागलं. आय.एच.पी. म्हणजे इंडियन ह्यूम पाइप. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या घराण्यानं 1926 मध्ये काढलेली, सिमेंटच्या पाइपांची कंपनी. पाइपवाल्यांनी बंदुका करायला घ्याव्यात याचं मला आधी नवल वाटलं. मग म्हटलं, बंदूक म्हणजे तरी काय, एका टोकाला दस्ता लावलेला पाइपच की!

पण 35 कशाचे? चौतीस बंदुका बिघडल्यावर पस्तिसावी जमली असेल, असा माझा पहिला अंदाज होता. तो चुकला. हा आकडा आपला नाहीच. तो जर्मनीतल्या डायना 35 चा आहे, आणि आमच्या बंदुकीचे नाकडोळेही तिच्यावरच गेलेत.

डायनाचं माहेर रास्टाट. याकोब मायर आणि योझेफ ग्रामेलश्पाखर यांनी 1890 मध्ये तिथं कारखाना काढला. (ही आडनावं छोट्या बंदुकीवर कोरायची तर नळी पुरली नसती. देवीचं नाव घेतलं ते बरं केलं.) डायना ही रोमन लोकांची शिकारीची देवता. कारखान्याच्या छापात ती धनुष्यबाण फेकून देऊन बंदूक डोक्यावर उंच धरून उभी आहे. आपल्याकडे एखाद्या देवानं गदा टाकून स्टेनगन घेतली असती तर गावबंदच पुकारला असता. रोमन देवांचे भक्त उरले नाहीत, त्यामुळे निभावलं.

पुढे दुसरं महायुद्ध झालं, जर्मनी हरली. भरपाई म्हणून रास्टाटच्या कारखान्याची यंत्रं, साचे आणि खुद्द 'डायना' हे नावसुद्धा ब्रिटनला गेलं. ते स्कॉटलंडमधल्या मदरवेलच्या मिलब्रो कंपनीच्या पदरात पडलं. यंत्रं नेली तर माणूस दुसरी करतो. पण कुलदैवतच उचलून नेलं! थोड्याच वर्षांत जर्मनांना पुन्हा बंदुका करायची परवानगी मिळाली, तेव्हा ब्रिटनच्या बाजारात त्यांच्यापुढे पेच पडला. माल आपला, नाव परक्याचं. त्यांनी मग बंदुकीवर एकच शब्द घातला: 'ओरिजिनल'.

हे वाचलं आणि मला ते जर्मन एकदम पुण्याचे वाटायला लागले. भाऊभाऊ वेगळे झाले की एकाकडे पाटी राहते आणि दुसरा समोरच्या गाळ्यावर 'मूळ दुकान हेच' असं लिहून मोकळा होतो. त्याखाली बारीक अक्षरात 'आमची कोठेही शाखा नाही'. भाकरवडीपासून पंचांगापर्यंत हे आपण पाहत आलो आहोत. गिऱ्हाईक मात्र दोन्हीकडे जातं आणि घरी येऊन 'पूर्वीची चव राहिली नाही' म्हणतं.

त्यातून आकड्यांचा घोळ असा झाला की विचारू नका. डायना 27 मिलब्रोचीही होती, आणि ओरिजिनल 27 जर्मनांची. आकडा एक, बंदुका दोन. एकीचा सुटा भाग दुसरीला बसेल याची हमी नाही. अमेरिकेत तीच जर्मन 27 हाय-स्कोअर 807 झाली, पुढे विंचेस्टर 427 झाली. 35 ची विंचेस्टर 435 झाली. लग्नानंतर नाव बदलायची आपली जुनी चाल, पण इथं मुलगी एकच आणि सासरं तीन-चार. अखेर 1982 मध्ये मिलब्रो बुडाली आणि 1984 मध्ये रास्टाटकरांनी आपलं नाव विकत घेऊन परत आणलं. आनंदाच्या भरात त्यांनी त्याच वर्षी नवी बंदूक काढली. तिचा नंबर 34. म्हणजे धाकटीचा आकडा थोरलीपेक्षा कमी. जर्मन माणूस शिस्तीचा असतो असं कोण म्हणतं?

आमच्या आळीत जहाजावरून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांच्याकडे खरी ओरिजिनल 35 आहे. मी आमची बंदूक दाखवायला नेली तर ते म्हणाले, "हं, मावसबहीण आहे." आणि उत्साहात त्यांनी स्वतःचीच खोलायला घेतली. या बंदुकीत दारू नसते. नळी मोडली की आतली जाड स्प्रिंग दबते. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते आणि दबलेली हवा छर्रा हाकलते. सायकलच्या पंपाला राग आला तर काय होईल, तसं. त्या दबल्या स्प्रिंगला अडवून धरतात तीन पोलादी गोळ्या, सायकलच्या छर्ऱ्यांएवढ्या. डायनाच्याच 25 नंबरला साधा चाप आणि 25-डी ला हा गोळ्यांचा, एवढाच तो 'डी' चा मान, असं काका सांगत होते. तेवढ्यात त्यातल्या दोन गोळ्या कपाटाखाली गेल्या. पाऊण तास आम्ही दोघं जमिनीवर पालथे. काकू दारात येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं. शेवटी गोळ्या मिळाल्या, ग्रीसमध्ये चिकटवून बसवल्या.

दट्ट्या पुढे धावतो म्हणून ही बंदूक आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी धक्का देते. घट्ट धरली की नेम चुकतो, सैल धरावी लागते, मांडीवरच्या मांजरासारखी. यावरही रास्टाटच्याच कारखान्यानं उपाय काढला होता. गिस नावाच्या पद्धतीत दोन दट्ट्ये विरुद्ध दिशांना सुटतात. एक काम करतो आणि दुसरा केवळ त्याचा झटका मारायला धावतो. सरकारी कचेरीत दुसऱ्या दट्ट्याची पदं पुष्कळ असतात, पण तिथं झटका काही कमी होत नाही.

आमच्या बंदुकीचा दट्ट्या फुसफुसत होता. चामड्याचं वॉशर वाळून सुपारी झालं होतं. ते मी बाजारातल्या चांभाराकडे नेलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं, "स्टोव्हच्या पंपाचंय का?" एवढंच विचारलं आणि म्हशीच्या जाड चामड्याचं नवं कापून दिलं. दोन दिवस तेलात मुरवून बसवलं. आता बंदूक वाजते. वीस पावलांवरून फुगा फोडायचा तर नेम फुग्याच्या चार बोटं डावीकडे धरावा लागतो, म्हणजे अगदी जत्रेतल्यासारखी झाली आहे.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी असेल. तिच्यावर 'डायना' नसून नुसतं 'ओरिजिनल' लिहिलेलं दिसलं तर नकली समजून भंगारवाल्याला देऊ नका. आणि छर्रा न घालता चाप ओढून बघू नका, स्प्रिंग जाते.