श्वानशय्येची निवड: गृहस्थाश्रमींसाठी मार्गदर्शन

कुत्र्याला मागे ठेवून स्वर्गात यायला युधिष्ठिर तयार झाला नाही, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इंद्र रथ घेऊन उभा आणि धर्मराज म्हणतात, हा येणार असेल तरच मी येतो. पण इंद्राने तिथल्या तिथे होकार दिला असता, तर वर गेल्यावर कुत्र्याची पथारी कुठे घालायची, याचा विचार महाभारतात झालेला दिसत नाही. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्मच निघाला आणि प्रश्न परस्पर मिटला. दत्तगुरूंच्या तसबिरीत चार कुत्री असतात, पण चारही उघड्या जमिनीवर. या विषयात परंपरा आपल्या मदतीला येत नाही, आणि सगळा भार ऑनलाइन दुकानांवर पडतो. त्यांना तो पेलत नाही. म्हणून हे मार्गदर्शन.

सर्वप्रथम गरज सिद्ध करावी. मोठे कुत्रे दिवसाकाठी बारा ते चौदा तास झोपते, पिल्लू अठरा-वीस तासही झोपते. घरातला कमावता माणूस सहा तास झोपतो आणि त्यासाठी चार दुकाने पालथी घालून, व्याजमुक्त हप्त्यांवर आठ इंची गादी आणतो. वापराच्या तासांचा हिशेब केला तर घरातली सगळ्यात चांगली गादी कुणाच्या वाट्याला यावी, हे उघड आहे. हा हिशेब बरोबर असला तरी घरात मोठ्याने बोलून दाखवू नये.

त्यानंतर मते मागवावीत, कारण मागवली नाहीत तरी ती येणारच आहेत. गादी कुत्र्यासाठी घेतली जाते आणि तिच्याबद्दल कुत्रा सोडून सर्वांना मत असते. आईला मळखाऊ रंग हवा असतो. मुलीला पडद्यांना जाणारा रंग हवा असतो, आणि पडदे पांढरे असतात. बंगळुरूचा मुलगा दर दहा मिनिटांनी एकेक लिंक पाठवतो. पैसे मात्र पाठवत नाही. आजोबा एवढेच म्हणतात, "आमच्याकडची कुत्री तरटावर झोपायची. चौदा-चौदा वर्षं जगली." यावर वाद घालू नये. आजोबांचे तरट पुढे उपयोगी पडणार आहे. या साऱ्या चर्चेत कुत्र्याचे वजन किती, हे कुणी विचारत नाही. ते तुम्ही विचारावे, आणि उत्तर मिळत नसेल तर कुत्र्याला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे. मग स्वतःचे वजन वजा करावे. इथे बहुतेकांना कुत्र्यापेक्षा स्वतःबद्दलच नवी माहिती मिळते.

आता माप. कुत्रा उभा असताना मोजू नये. तो कुशीवर, पाय ताणून, गाढ झोपलेला असताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी घ्यावी आणि तिच्यात सहा ते आठ इंच मिळवावेत. रुंदीसाठी पाठीपासून ताणलेल्या पंजांपर्यंत मोजावे. शेपटी मोजायची नाही. ती गादीबाहेर राहिली तर कुणाची तक्रार नसते. सुताराचा स्टीलचा टेप या कामी निरुपयोगी आहे, कारण तो परत गुंडाळला जाताना होणारा आवाज कुत्र्याच्या मते खाऊच्या डब्याचा असतो. शिंप्याचा कापडी टेप घ्यावा. तरीही कुत्रा एक डोळा उघडतो, टेपचे टोक तोंडात धरतो आणि कागदावर सतरा इंच एवढाच आकडा राहतो. यावर उपाय आहे. हॉलमधली व्हिट्रिफाइड फरशी बहुधा दोन बाय दोन फुटांची असते. दुपारी दोनच्या सुमारास कुत्रा तिच्यावर पसरला की सोफ्यावरून न उठता, वर्तमानपत्राच्या आडून फरश्या मोजाव्यात. बऱ्यापैकी लॅब्रॅडॉर दीड फरशी भरतो. म्हणजे तीन फूट, अधिक ते सहा-आठ इंच.

हे माप घेऊन ऑनलाइन गेलात की मीडियम, लार्ज आणि एक्स्ट्रा लार्ज यांच्याशी गाठ पडते. एका ठिकाणचा लार्ज दुसऱ्या ठिकाणच्या मीडियममध्ये आरामात मावतो. इंच लिहिलेले नसतील तर ते पान बंद करावे.

जाहिरातीतल्या छायाचित्रांचा अभ्यास मात्र जरूर करावा. त्यात एक सोनेरी कुत्रा केसाळ, गोल, मधे खोलगट अशा गादीत मुटकुळे करून पडलेला असतो. मागे लाकडी जमीन, खिडकीबाहेर बर्फ. हीच गादी अकोल्याला घरपोच मिळते. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. कुत्र्याच्या शरीराचे तापमान मुळातच आपल्यापेक्षा जास्त, १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. घाम म्हणाल तर तो फक्त तळपायांना येतो, बाकी सगळा कारभार जीभ बाहेर काढून चालतो. अशा प्राण्याला कृत्रिम लोकरीत बसवणे म्हणजे वाटीभर बर्फ घोंगडीवर ठेवून तो मजेत राहील अशी आशा करणे. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यापुरती तरी जमिनीपासून चार-सहा इंच उंच, खालून वारा खेळेल अशी झोळीची गादी घ्यावी. जाहिरातीत तिला 'एलिव्हेटेड कूलिंग बेड' म्हणतात, तिच्यावर विलायती शास्त्रज्ञांचे अभिप्राय छापतात आणि त्या हिशेबाने किंमत लावतात. गावाकडे माळवदाच्या घरात मागच्या पडवीत अशीच एक वस्तू उभी करून ठेवलेली असते. तिचे पाय अर्धे कापले की काम झाले. मात्र ती बाज कुणाची आहे, हे आधी विचारून घ्यावे.

कोकणात प्रश्न उलटा. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा भाग कापसाच्या गादीत जाऊन बसतो असा तिथल्या गृहिणींचा अनुभव आहे. कापसाची गादी कोरड्या हवेत उत्तम. तिला ऊन दाखवता येते, बसली की पिंजून घेता येते. पण जून ते सप्टेंबर ती कुत्र्याखाली असेल, तर कुत्र्याला वास येतो की गादीला, याचा निवाडा करता येत नाही. इथे फोम घ्यावा.

फोमविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वात जास्त फसवणूक इथेच होते. 'मेमरी फोम' हा शब्द ऐकला की माणसे हळवी होतात. १९६६ साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रात विमानातल्या आसनांसाठी, अपघातात बसणाऱ्याला कमी मार लागावा म्हणून, तो तयार झाला. तुमचा कुत्रा विमान चालवत नसला तरी त्याला त्याचा उपयोग होतो, विशेषतः तो म्हातारा आणि जड असेल तर. जर्मन शेफर्ड आणि लॅब यांना खुब्याच्या सांध्याचे दुखणे पुष्कळदा असते. मोठे कुत्रे वर्षानुवर्षे कडक फरशीवर धप्पकन बसले की कोपरावर घट्टे पडतात, आणि कधी तिथे पाणी भरून गाठ येते. हा भाग विनोदाचा नाही. अशा कुत्र्याच्या गादीवर पैसे वाचवू नयेत. फक्त लक्षात ठेवावे की मेमरी फोम उष्णता धरून ठेवतो, आणि पुष्कळ गाद्यांत तो वर एक इंचभर असतो. खाली काय भरले आहे ते चेन उघडल्याशिवाय कळत नाही. दुकानात गादी हाताने दाबून पाहू नये. सगळेच दाबतात, आणि सगळ्यांना ती मऊ लागते. तिच्यावर एक गुडघा टेकून अंगाचे वजन टाकावे. खालची फरशी गुडघ्याला लागली तर ती कुत्र्याच्या कोपरालाही लागणार. विक्रेता चमकून पाहील. पाहू द्यावे.

माझ्या मते सर्वोत्तम गादी मिळते ती ज्या दुकानावर नुसते 'गादी कारखाना' असे लिहिलेले असते तिथे. कुठल्याही तालुक्याच्या गावी असे एखादे सापडते. अडचण फक्त संभाषणाची.

"काय साइज?"

"तीन बाय साडेतीन."

"पाळण्यासाठी का?"

"नाही, तेवढा लहान नाही तो."

"वय किती?"

"सात."

"मग तीन फुटात कसं भागंल, साहेब? पोरगं वाढतं असतंय."

या टप्प्यावर खरे सांगून टाकावे. तो हसत नाही. "लॅब हाय का? मग बत्तीस नका घेऊ, बसतंय ते. चाळीस डेन्सिटी टाकू चार इंच, खालनं रेक्झिन लावू," असे तो म्हणतो, आणि सगळ्या व्यवहारात कुत्र्याच्या वजनाचा विचार करणारा तो पहिलाच माणूस असतो. त्याच्याकडून जाड ड्रिलचे कापड लावून घ्यावे. टर्किश टॉवेलसारखे फासे असलेले कापड घेऊ नये, त्यात नखे अडकतात.

जातीनुसार थोडे फेरफार करावेत. पगला नाकाचा त्रास, त्यामुळे हनुवटी टेकायला गादीला उंच काठ लागतो. कारवान आणि पश्मी ही मराठवाड्याची कुत्री हाडकुळी, अंगावर चरबी नाही. त्यांना काटक म्हणून जमिनीवर सोडले जाते, पण खरी मऊ गादी त्यांनाच हवी. पॉमेरेनियन तुमच्या उशीवर झोपतो आणि त्याला गादी लागत नाही. गावठी कुत्रा कशावरही झोपतो, एका जागी सोडून: तुम्ही त्याच्यासाठी आणलेल्या गादीवर. त्याला वेळ द्यावा.

पिल्लू असेल तर काहीही विकत घेऊ नये. दुधाचे दात पडून पक्के दात पुरे यायला सहा-सात महिने जातात, आणि तोवर गादी हे अन्न असते. फोमचे तुकडे किंवा शिवणीचा दोरा पोटात जाऊन आतडे अडले तर शस्त्रक्रियेची वेळ येते. इथे आजोबांचे तरट बाहेर काढावे, त्यावर एक चांगली जुनी गोधडी घालावी, आणि आजोबांचे म्हणणे मान्य केल्याचे त्यांना कळू द्यावे. गोधडी कुणाच्या आजीने शिवलेली असेल तर ती घालू नये, दुसरी शोधावी.

जागा निवडणे हे गादी निवडण्याहून कठीण. मुंबईत बॉम्बे हाउस या टाटांच्या मुख्यालयात २०१८च्या नूतनीकरणानंतर फोर्टातल्या भटक्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र खोली आहे. तुमच्या टू-बीएचकेमध्ये ती नाही. कुत्र्याला हवी असते अशी जागा, जिथून मुख्य दार आणि स्वयंपाकघराचा ओटा दोन्ही एका नजरेत येतील. फ्लॅटच्या नकाशात ही जागा नेमकी बाथरूमच्या वाटेवर पडते. रात्री तीन वाजता अंधारात कुणीतरी कुत्र्याच्या शेपटीवर पाय देतो, दोघेही ओरडतात आणि खालच्या मजल्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर निरोप येतो. म्हणून गादी वाटेपासून हातभर आत, भिंतीला लागून ठेवावी. गॅलरी टाळावी, पहिल्याच पावसाच्या सरीला गादी आणि कुत्रा दोन्ही आत येतात, ओले. वॉशिंग मशीनशेजारीही नको, कारण पिळण्याच्या वेळी ते जे करते ते कुत्र्याला पटत नाही.

गादी मांडली की कुत्र्याला उचलून तिच्यावर ठेवू नये. मान धरून 'बस, बघ किती छान आहे' असेही म्हणू नये. घरातल्या कुणाचा वापरलेला बनियन तिच्यावर टाकावा आणि निघून जावे. कुत्रा रंग बघून जागा निवडत नाही, वास घेऊन निवडतो. तो आला की गोल गोल फिरेल आणि नखांनी गादी उकरेल. त्याच्या रानातल्या पूर्वजांची गवत दाबून जागा करण्याची ही सवय मानली जाते. तुमच्या पसंतीवर तो अभिप्राय नव्हे. मे महिन्यात तो गादी सोडून शेजारच्या फरशीवर पोट टेकून पडला तर तेही मनाला लावून घेऊ नये. पोटावर केस कमी असतात, फरशी गार असते. पहाटे तो गादीवर येतो. नुसते डोके गादीवर आणि धड जमिनीवर, असे दिसले तर ते यश समजावे आणि बंगळुरूला फोटो पाठवावा.

घरी पाहुणा मुक्कामाला आला की नवा पेच पडतो. पाहुण्याला आपण सतरंजीवर दोन इंची गादी घालतो. शेजारी कुत्र्याची चाळीस डेन्सिटी, चार इंच. पाहुण्याच्या नजरेला ते पडतेच. त्या रात्रीपुरती कुत्र्याची गादी आतल्या खोलीत न्यावी. कुत्रा मात्र हॉलमध्येच थांबतो, कारण पाहुण्याच्या पांघरुणात जागा आहे हे त्याने पाहिलेले असते.

राहिली स्वच्छता. पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगाला चिकटून राहत नाहीत. तो जिथे झोपतो तिथे ती गळतात, म्हणजे अंगाला औषध लावून गादी तशीच ठेवली तर दुखणे अर्धेच बरे होते. खोळ चेनवाली, काढता येणारी असावी आणि आठवड्याला एकदा साठ अंशांच्या गरम पाण्यात धुवावी. मशीनमध्ये टाकण्याआधी केस ब्रशने झाडून घ्यावेत. नाहीतर पुढच्या खेपेला ऑफिसचे शर्ट त्याच मशीनमधून बाहेर येतात आणि मीटिंगमध्ये लोक विचारतात, कोणती जात? खोळ कोण धुणार हे गादी घेण्याआधीच ठरवावे. मावशींना गृहीत धरू नये, त्यांनी पहिल्याच दिवशी 'कुत्र्याचं काय नाय करणार' असे स्पष्ट सांगितलेले असते.

आणि खोळी दोन शिवून घ्या. जुलैत एक खोळ वाळायला तीन-चार दिवस लागतात, आणि तेवढे दिवस कुत्रा तुमच्या पलंगावर झोपतो.